फोटो झाल्याशिवाय थेंब नाही

मी मूळचीच तापट. नर्स झाल्यावर तरी शांत होईल असं आईला वाटलं होतं, पण कसलं काय!

त्या दुष्काळी उन्हाळ्यात संभाजीनगर वाळूजकडं पसरतच चाललं होतं आणि आमच्या वॉर्डातला नळ मात्र ठणठणीत कोरडा. पिशोरकडचे एक मेंढरं राखणारे म्हातारे लकव्यानं बेशुद्ध होऊन आले. पोटात काही जावं म्हणून मी त्यांच्या नाकातून नळी घातली. पोटातलं पाणी वर येतं का म्हणून सिरिंजनं ओढून पाहिलं, काहीच आलं नाही. मग हवा सोडली आणि पोटावर स्टेथोस्कोप लावला, तर गुडगुड चांगली ऐकू आली.

"आवाज आला ना? कर की चालू," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. तेव्हा रीतच ती होती. पण नळी फुफ्फुसात गेली तरी तसा आवाज येतो, आणि बेशुद्ध माणूस खोकतसुद्धा नाही. मी म्हटलं, "एक्स-रे झाल्याशिवाय थेंब नाही!"

एक्स-रेला ही लांब रांग. बजाजनगरात राहणारा, कंपनीत कामाला असलेला मुलगा अंगावरच आला. "उपाशी मारती काय माझ्या बापाला?"

"ओरडा खुशाल. नळीला हात लावू देणार नाही."

म्हाताऱ्यांची बायको त्याच दुपारी एसटीनं आली होती, मांडीवर किटली धरून. चाऱ्यावाचून आटत आलेल्या शेळीचं दूध, किटलीच्या तळाशी जेमतेम. ती उठली आणि सरळ नळीचं बूच काढायला लागली. मी नळी मुठीत धरली. तिच्याकडं बघून जीव तुटत होता माझा, पण मूठ सोडली नाही.

"मावशी, मेंढराला औषध पाजताना चुकीच्या वाटेनं गेलं, तर?"

ती थबकली. "छातीत उतरतं. मग मेंढरू जगत नाय, बाई."

"मग?"

तिनं किटली खाली ठेवली आणि खाटेला पाठ लावून बसली. मुलगा पुन्हा बोलायला लागला तशी कडाडली, "गप रं! फोटू येऊ दे."

फोटो आला. नळी उजव्या फुफ्फुसात होती.

ती काढून मी दुसरी घातली आणि पुन्हा फोटोला पाठवलं. या खेपेला मुलगा स्वतःच रांगेत जाऊन उभा राहिला. नळी पोटात दिसली तेव्हा कुठं मी बूच काढू दिलं. तोवर उन्हानं दूध नासलं होतं. मुलगा किटलीत बघतच राहिला.

"नासू दे," म्हातारी म्हणाली. "शेळी उद्या दूध दील. धनी कुठनं आणला असता?"