पुढच्याच दाराने

ट्वायला, तुझ्यामागे तुझ्याबद्दल लिहिणं मला जमायचं नाही, म्हणून तुझ्या तोंडावरच लिहिते. तुझं कौतुक करायचं तर तुझं भांडणच सांगावं लागेल.

केंटकीच्या या डोंगरात आपल्या काउंटीचं आरोग्य खातं तेव्हा मी चालवत होते. जेलमधून सुटलेल्या बायका आठवडाभरात पुन्हा नशेच्या सुईकडे वळून मरत होत्या, आणि आम्ही पत्रकं वाटत होतो. पत्रकं कोण वाचतं? मला आत जाऊन त्या बायकांना सुटण्याआधीच गाठणारी सोबतीण हवी होती: नशा केलेली, सोडलेली, त्याच कोठड्यांत झोपलेली. तुला घेतलं. तर जेलर डेन्झिल स्टॅम्परने दार अडवलं. शिक्षा भोगलेल्या माणसाला आत सोडायचं नाही म्हणे! ज्या कारणासाठी मी तुला घेतलं, नेमकं त्याच कारणासाठी तो तुला बाहेर ठेवणार.

तुझ्या आईचा निळा कोटही आतच होता. सुटलीस त्या दिवशी सामानाच्या खोलीची किल्ली कुणाला सापडेना, तशीच बर्फात चालत निघालीस. मी आणून देते म्हटलं, तर फणकारलीस, "नको. पुढच्या दाराने, मान वर करून जाईन, तेव्हाच घेईन."

"तुझ्या परवानगीसाठी आपण वर अर्ज करू," मी म्हणाले.

"तुम्ही करा, मिस ऑर्फा. तोवर मी काय, मोजे विणत बसू?"

आपल्याकडे जेलर निवडून येतो, आणि मतं मागायला फायर स्टेशनात घेवड्याचं कालवण आणि मक्याचा पाव स्वतः वाढतो. तू रांगेत उभी राहिलीस. डेन्झिलने कालवणाचा डाव उचलला, तशी तू ताट मागे घेतलंस.

"डेन्झिल, शाळेपासून ओळखतोस मला. वर्षभर तुझ्या जेलात होते, तेव्हा मी आत म्हणून गाव सुखरूप होतं. आता मी आत आले की धोका?"

"ट्वायला, रांग अडतेय."

"अडू दे. ज्यांची लेक, नात याच्याकडे आत आहे, त्यांनी ताटं खाली ठेवा."

कुणी हललं नाही. मग चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या हॅटी कॉडिलने ताट ठेवलं. तिची नात आत आहे हे मलासुद्धा माहीत नव्हतं! त्यानंतर मात्र ताटं ठेवल्याचे आवाज थांबेनात.

"सोमवारी ये," डेन्झिल पुटपुटला. "मागून, माल उतरतो तिथून."

"पुढच्याच दाराने येणार. गळ्यात ओळखपत्र घालून."

आलीस. तेव्हापासून रोज जातेस. पण सामानाची खोली फक्त शनिवारी उघडते, आणि बायकाही शनिवारीच सुटतात. दर वेळी कुणाला तरी दारातूनच उचलून उपचाराला न्यावं लागतं, आणि कोट राहून जातो. या शनिवारी नक्की कोट आणायचा, असं ठरवून मी गाडी घेऊन बाहेर थांबले. तू हॅटीच्या नातीला धरून आलीस. पोरगी थरथरत होती.

"कोट?" मी विचारलं.

"राहू दे तो. मिस ऑर्फा, गाडी सुरू करा."