दिवसा लावलेली लाईट

आश्रुबाच्या दुकानाला पाटी नाही. केजमध्ये धारूर रस्त्याला पंक्चरवाल्याच्या शेजारी पत्र्याचं शेड आहे. आत जुन्या बॅटऱ्या, भिंतीवर वायरींची भेंडोळी. ट्रॅक्टरवाले त्याला वायरमन म्हणतात. मी आश्रू म्हणतो.

आम्ही सातवीपर्यंत एका बाकावर बसलो. म्हणजे मी बसलो. तो दिवाळीपर्यंत बसायचा. मग आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जायचा आणि चैत्रात परत यायचा, तोवर गुरुजी पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर आलेले असायचे. सातवीनंतर तो आलाच नाही. कारखान्याच्या तळावर एका म्हाताऱ्या वायरमनजवळ बसून काम शिकला. मी मराठीत एम.ए. केलं. आता अर्ज भरतो आणि उरलेला वेळ त्याच्या दुकानात काढतो.

"सत्यम एम.ए. झाला, पण त्याला फ्यूज बदलता येईना," असं तो गिऱ्हाइकांपुढे सांगायचा. महिना झाला, त्याने हे कुणाला सांगितलेलं नाही.

त्याच्या कपाळावर आडवी खूण आहे. सहा वर्षांचा असताना तो ट्रॉलीवर रचलेल्या सामानाच्या ढिगावर बसला होता. एका गावात रस्त्यावरून खाली लोंबलेली केबल आली. बाकीची लेकरं वाकली. हा दुसरीकडे बघत होता.

म्हणून यंदा छबुबाईने डबा करून घ्यायचं म्हटलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद आश्रूला झाला. छबुबाई त्यांच्या टोळीची मुकादम. तिच्या टोळीत बारा जोडपी. निघताना सगळा संसार ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर चढतो आणि त्यावर लेकरं. यंदा लेकरं डब्यात बसणार होती. डबा म्हणजे दोन चाकांवरची पत्र्याची खोली. आत दोन्ही बाजूंना झोपायच्या फळ्या, एक खिडकी, पाण्याचा ड्रम. पिकअपच्या मागे जोडून ओढायची. आत नऊ लेकरं आणि त्यांना सांभाळायला वत्सलाबाई. ती आश्रूची आई. कंबर गेल्यापासून तिला कोयता धरवत नाही. नवांमध्ये एक करिष्मा, आश्रूच्या बहिणीची मुलगी, सात वर्षांची.

डब्याची चाकं जुनी होती. मागे ओढलेल्या गाडीचं टायर बसलं तर पुढच्या ड्रायव्हरला कळत नाही. गाडी ओढली जातच राहते. टायर तापतं आणि फुटतं. आश्रूने हे लहानपणापासून पाहिलेलं. त्याने हवा दाखवणारं यंत्र मागवलं. चाकाच्या हवा भरायच्या तोंडावर टोपीसारखा सेन्सर बसतो आणि ड्रायव्हरसमोर छोट्या स्क्रीनवर हवेचे आकडे दिसतात. हवा उतरली की शिट्टी वाजते. पण डबा पत्र्याचा आणि लांब. चाकाचा सिग्नल पिकअपपर्यंत पोचेना. मग त्याने बूस्टर मागवला. काडेपेटीहून थोडी मोठी काळी पेटी, मधे बसून सिग्नल उचलते आणि पुढे ढकलते. चालू असली की तिच्यावर हिरवा दिवा लुकलुकतो.

ती बसवली निघायच्या आदल्या संध्याकाळी, गावात, छबुबाईच्या दारात. मी उजेडाला बॅटरी धरून उभा होतो.

बूस्टरला सतत करंट लागतो. तो पिकअपच्या बॅटरीपासून वेगळी वायर ओढून द्यायला हवा होता. अर्ध्या तासाचं काम. पण जाड वायर दुकानात राहिली होती, केजला. आणि आश्रूने आयुष्यभर ट्रॉल्यांची वायरिंग केलेली. ट्रॉलीला मागे एकच जिवंत वायर जाते, टेललाईटची. त्याचा हात आपोआप त्याच वायरीवर गेला. तिथेच जोड दिला, टेप दातांनी तोडली. जीवनने पिकअपची लाईट लावली. हिरवा दिवा लुकलुकला, स्क्रीनवर दोन्ही चाकांचे आकडे आले. लेकरांनी टाळ्या वाजवल्या.

जीवन पिकअपचा ड्रायव्हर. चांगला माणूस, गाण्यांचा शौकीन. आश्रूने त्याला बाजूला घेतलं.

"दिवसा बी लाईट चालू ठेव बे. लाईट बंद झाली की ही पेटी मरती."

"कावून?"

"वायर तिथंच जोडली हाय. मुक्कामाला पोचलास की मी येऊन नीट करतो."

जीवनने मान डोलावली. लाईट चालू ठेवायची, त्यात काय. मलाही त्यात काही वाटलं नाही.

सकाळी सातला जीवन डबा घेऊन निघाला. जामखेडच्या पुढे, नगरकडच्या कारखान्यावर जायचं होतं. टोळीचा ट्रॅक्टर मागून येणार होता.

मी साडेआठला दुकानात गेलो. आश्रू एका स्टार्टरमध्ये डोकं घालून बसला होता. माझी मोटारसायकल वडिलांची, जुनी. तिची लाईट चुकून चालू राहिली होती. मी ते हसत सांगितलं. चौकापासून इथपर्यंत चार जणांनी मला हात दाखवला. आपल्याकडे दिवसा कुणाची लाईट दिसली की समोरचा हात वर करतो, पाची बोटं जुळवतो, उघडतो, परत जुळवतो. लाईट चालू आहे, बंद करा. आता नव्या मोटारसायकलींची लाईट दिवसाही आपोआप लागते, तरी लोकांची सवय गेलेली नाही. शेवटचा तर दुधाची किटली सांभाळत होता, तरी त्याने हात सोडून दाखवला.

आश्रूने मान वर केली.

"जीवनला बी दावतील," तो म्हणाला.

मला समजायला वेळ लागला. त्याला लागला नाही. त्याने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. छबुबाईला लावला. तिने ट्रॅक्टरच्या आवाजात ओरडून सांगितलं की जीवन लई पुढं गेलाय, आमी अजून नेकनूरलाच हाव. जीवनने लाईट ठेवलीय का, हे तिला कुठून माहीत असणार.

आश्रू माझ्या गाडीवर बसला. मी मागे. स्टार्टर तसाच उघडा राहिला.

नेकनूर गेलं, मांजरसुंबा गेलं. मी दर पाच मिनिटांनी फोन लावत होतो. लागला असता तर एवढंच सांगायचं होतं, लाईट लाव. एक बटण. बाकी काही नको होतं.

मी मागून धीर द्यायला म्हटलं की टायरमध्ये हवा असेलच, कालच भरली होती. तो म्हणाला, "आकडा तसाच ऱ्हातोय. पेटी मेली तरी शेवटचा आकडा स्क्रीनवर तसाच ऱ्हातोय. त्याला वाटंल समदं बरं हाय."

पाटोद्याला एका हॉटेलवाल्याने सांगितलं, डबा ओढणारी पिकअप आताच चहा पिऊन गेली. लेकरं उतरली होती. एक म्हातारी त्यांना पाणी पाजत होती. आश्रूने गाडी बंदही केली नाही.

सौताड्याच्या अलीकडे डबा दिसला. आधी निळा पत्रा, मग खिडकी, खिडकीत एक छोटा हात. मागच्या लाल दिव्यांकडे मी पाहिलं. विझलेले होते.

डावं टायर बसलेलं होतं. पूर्ण नाही, पण डबा त्या अंगाला झुकला होता. जळक्या रबराचा वास माझ्यापर्यंत येत होता. पुढे घाट होता.

आश्रूने गाडी पिकअपच्या खिडकीशेजारी नेली. आत गाणं लागलेलं होतं, काच वर होती. आश्रूचे दोन्ही हात हँडलला. हात मीच दाखवायचा होता. मी दाखवला. पाची बोटं जुळवली, उघडली, जुळवली. दुसरं मला काही सुचलं नाही. पाच वर्षं मी भाषा शिकलो आणि त्या वेळी मला एवढंच आलं.

जीवनने माझ्याकडे पाहिलं. मग खाली बटणाकडे पाहिलं. मग हसून अंगठा दाखवला. लाईट बंदच होती. तो मला ते खात्रीने सांगत होता.

मी चाकाकडे बोट केलं. तो पुढे बघत होता.

घाटाचं पहिलं वळण आलं. आश्रूने गाडी पुढे काढली, शंभर पावलं लांब नेली आणि रस्त्यात आडवी घातली. आम्ही दोघं दोन्ही हात वर करून उभे राहिलो. जीवनने ब्रेक मारला. पिकअप थांबत आली. डबा थांबला नाही. डावं टायर फुटलं, रिम डांबरावर घासत गेली, डबा फिरला आणि कठड्याला जाऊन टेकला. तिथेच थांबला. कठड्यापलीकडे खोल दरी होती.

आतून आवाज येईना. मग एकदम सगळ्या लेकरांचा आला.

दार आश्रूने पिकअपमधल्या पहारीने उघडलं. एकेक लेकरू बाहेर आलं. मी मोजली, नऊ. करिष्माचा पुढचा दात पडला होता, तो तिने मुठीत धरला होता. वत्सलाबाई बाहेर आली नाही. ती लेकरांना घट्ट धरायला उभी राहिली होती आणि ड्रमवर आपटली होती.

जामखेडच्या दवाखान्यात सांगितलं की खुबा मोडला आहे. दुपारपर्यंत टोळी येऊन पोचली. सगळे आश्रूच्या पाठीवर हात ठेवत होते. तू आलास म्हणून लेकरं वाचली, असं बायका म्हणत होत्या. एकीने त्याच्या पायाला हात लावला. तो मागे सरला. आपण वायर चुकीच्या ठिकाणी जोडली, असं तो प्रत्येकाला सांगत होता. त्यांना वाटत होतं, घाबरलाय, काहीतरी बरळतोय. जीवन एका कोपऱ्यात बसला होता. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. आश्रू त्याच्यापाशी जाऊन बसला आणि म्हणाला की चूक तुझी न्हाई. जीवन रडायला लागला. लोकांनी दाखवलं म्हणून केली बंद, असं तो म्हणाला. लई जणांनी दाखवलं. पहिल्यांदा तशीच ठेवली होती. शाळेच्या पोरांनी बी दाखवलं, मंग लाज वाटली.

संध्याकाळी वत्सलाबाई जागी झाली. आश्रूने तिला सगळं सांगितलं. बॅटरी, टेललाईट, पेटी. तिने ऐकून घेतलं.

"लाईट लावलेली असती तर?"

"शिट्टी वाजली असती, माय."

"मंग त्यानं इझवली कावून?"

"लोकांनी सांगितलं. हात दावला."

ती म्हणाली, "लोकं वाईट न्हाईत, बाबा. तू अर्धा तास कावून न्हाई दिला?"



टोळी कारखान्यावर न जाता गावी परतली. चार दिवसांनी डबा केजला आणला. आश्रूने नवं टायर घातलं, पत्रा ठोकून घेतला. पिकअपच्या बॅटरीपासून जाड लाल वायर ओढली, फ्यूज लावला, सरळ बूस्टरला जोडली. मी घड्याळाकडे पाहत होतो. पंचवीस मिनिटं लागली. लाईट बंद असताना हिरवा दिवा लुकलुकत होता.

छबुबाई बघायला आली. दिव्याकडे तिने पाहिलं. ती चिडलेली नव्हती. ती म्हणाली की वत्सलाबाई आता उठणार नाही, मग आत लेकरांजवळ कोण बसणार? आणि लेकरं डब्यात घालायला त्यांच्या आया तयार नाहीत.

"आता नीट केलंय, मावशी."

"केलं असशील रे. पर त्यांना नजरंसमोर पायजेत."

नवव्या दिवशी टोळी पुन्हा निघाली. ट्रॅक्टर दुकानासमोर थांबला. टेललाईट लागत नव्हती, म्हणून. आश्रूने खाली बसून जोड दिला. वर गाद्या, भांडी, कोयते, शेळ्या, आणि सगळ्यात वर लेकरं. नऊच्या नऊ.

तो उठला. ट्रॉलीच्या कडेवर पाय ठेवून वर चढला आणि प्रत्येक लेकराला नावाने हाक मारून एकच गोष्ट सांगितली. तारा आल्या की डोकं खाली घालायचं. इकडंतिकडं बघायचं न्हाई. करिष्माला दोनदा सांगितलं. तिने मान डोलावली. तिच्या पुढच्या दातांत फट होती.

ट्रॅक्टर निघाला. त्या रस्त्यावर दूरपर्यंत तार नव्हती. तरी दिसेनाशी होईपर्यंत करिष्मा मान खाली घालून बसली होती.