ई-मेलवरचा आवक शिक्का

नव्वदच्या दशकाच्या शेवटी बारामतीच्या ज्या ऑफिसात मी कॉम्प्युटर सांभाळायचे, तिथं सगळ्या स्टाफला मिळून एकच ई-मेल पत्ता होता. सकाळी फोन जोडून पत्रं उतरवायची आणि नावं बघून कॉम्प्युटरवरच्या ज्याच्या त्याच्या खात्यात टाकायची, हे माझं काम. आपलं खातं आपणच उघडावं म्हणून प्रत्येकाला मी वेगळा पासवर्डही दिला होता.

हेडक्लार्क तात्यांना ते मान्य नव्हतं. आलेला कागद आधी आवक रजिस्टरला चढलाच पाहिजे. म्हणून ते प्रत्येक ई-मेलची प्रिंट मागायचे, शिक्का मारायचे आणि रजिस्टरात विषय लिहायचा म्हणून सगळं वाचायचे. आमच्या टायपिस्ट मुलीला परदेशातल्या स्थळानं नकार कळवला, तर तात्यांनी विषय लिहिला, 'लग्नास नकार'. सकाळी तिच्या गावाहून, डाळजहून, तिची एसटी येईपर्यंत सगळ्या ऑफिसला ते ठाऊक झालं होतं. अजून आठवलं की माझं डोकं फिरतं.

मी भांडले. तात्या म्हणाले, "लपवायसारखं काय असतंय त्यात? हितं सगळी घरचीच माणसं हायती."

पुढच्या महिन्यात तात्यांच्या मुलाचं पत्र आलं. त्यानं कॉलेज सोडलं होतं. तात्यांनी प्रिंट वाचली, घडी करून खिशात घातली आणि रजिस्टर मिटलं. मग खुर्ची माझ्याजवळ ओढून हळूच म्हणाले, "मॅडम, माझा पासवर्ड काय व्हता?"