मालकाची चौकशी

ती घटना आठवली की आजही माझी मान ताठ होते. तीस सालानंतरचे ते दिवस. मी नाशकात फौजदार होतो आणि आसपासच्या खेड्यांतल्या देवळांतून घंटा नाहीशा होत होत्या. चोर सापडेना, कारण मालच सापडेना. पितळ एकदा वितळले की ते कोणत्या देवाचे, हे कोण सांगणार?

खबर आणली एका माळ्याने. त्याचा फुलांचा मळा भांड्यांच्या एका बड्या कारखान्याला लागून होता. "साहेब, तिथली भट्टी एरवी उन्हं वर आल्यावर पेटती. पण कुठं घंटा गेली का दुसऱ्या दिशी पहाटंच धूर निघतो. फुलं तोडताना दिसतं ना मला."

पुढच्या चोरीनंतर पंच घेऊन आम्ही झडती घातली. हाती लागल्या फक्त गरम मुशी आणि पितळेच्या नव्या लगडी. मालक हसून चहा विचारत होता. कारागिरांना ठाण्यात आणले, तर सगळ्यांचा जबाब एकच. "आम्ही चाकर माणसं. मालकाला विचारा." हे वाक्य मी नोकरीत उदंड ऐकले. ते म्हणणारा खोटे बोलत नसतो, नुसते दार लावून घेत असतो.

भट्टीवरच्या मुख्य कारागिराला मी चोरीबद्दल काही विचारलेच नाही. "याच्या आधी कुठे होतास?" एवढेच म्हटले. तो एका नेकीच्या कारखानदाराकडे होता.

"मग इकडे का आलास?"

"इथली भट्टी मोठी. नाव मोठं."

"आणि या मालकाबद्दल आळीत काय बोलत होते?"

तो म्हणाला, "सगळ्यांना ठाऊक होतं साहेब. मलाबी."

तेथून पुढे त्याने काही लपवले नाही. घंटेतला लोंबता लोलक लोखंडी असतो, तो पितळेबरोबर वितळत नाही. ते सगळे लोलक कारखान्यामागच्या पडक्या आडात टाकले होते. पंचांसमक्ष आम्ही ते वर काढले. एका गुरवाने आपल्या देवळातला लोलक पाहताच ओळखला. त्याची तुटकी कडी त्यानेच तारेने बांधली होती. मालकाचे हसू तिथेच मावळले.

कारागिराची बायको तान्हे मूल घेऊन ठाण्याच्या पायरीवर बसली होती. मला वाईट वाटले. मी त्याला म्हटले, "माफीचा साक्षीदार हो. मॅजिस्ट्रेटसाहेबांकडे मी शब्द टाकतो. सुटशील."

"हो म्हणा ना, पाया पडते तुमच्या," बायको बाहेरून रडत म्हणाली.

तो तिच्याकडे बघून म्हणाला, "अगं, मालक काय कुणी माझ्या गळ्यात बांधला होता? मी हुडकून घेतला." मग माझ्याकडे वळला. "मला आरोपीच लिवा साहेब. भट्टी मी पेटवत होतो."

मॅजिस्ट्रेटपुढे त्याने तसाच कबुलीजबाब दिला. मालकाला मोठी शिक्षा झाली, त्याला थोडी.

सुटल्यावर तो आपण होऊन ठाण्यात आला. हजेरी द्यायला आला असेल असे हवालदाराला वाटले. तो म्हणाला, "शेठ लोक नोकर ठेवायच्या आधी इथं त्याची चालचलन इचारतात ना? मला मालक ठेवायचाय." आणि त्याने एका कारखानदाराचे नाव घेतले. हवालदार खो खो हसला. मी त्याला दटावले, कारागिराला समोर बसवले आणि त्या कारखानदाराविरुद्ध आमच्याकडे काही नाही, हे सांगितले. त्या दिवशी मला त्या माणसाचा जो अभिमान वाटला, तो एखादा दरोडा उघडकीस आणूनही कधी वाटला नाही.

'मी हुकमाचा ताबेदार' असे त्यानंतर मी तोंडातून काढले नाही. सरकारची चाकरी मी आपखुशीने पत्करली होती. तिच्या बऱ्यावाईटात माझा वाटा होताच.

पेन्शनीत निघालो तेव्हा एका धनिकाने मला कारभारी म्हणून बोलावले. बंगला, मोटार, सगळे देऊ केले. त्याची चौकशी करायला मी ठाण्यात गेलो नाही, सरळ त्या कारागिराकडे गेलो. त्याने हातातला चिमटा खाली ठेवला, नाव ऐकले आणि मान हलवली.

"तिथं नका जाऊ साहेब."

मी गेलो नाही.