मामांचे बिनकॅमेऱ्याचे फोटो

कॅमेऱ्याचा मनापासून राग करणारा फोटोग्राफर साऱ्या वर्धा जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. आर्वीच्या बाजाराला लागून त्यांचा स्टुडिओ होता. लग्नाचं जोडपं समोर बसलं की मामा इतक्या कंटाळ्याने फोटो काढत, की फोटोत नवरा-नवरीही कंटाळलेली दिसत. "कॅमेरा जे पुढे हाये तेच दाखवते," ते म्हणत. "त्याच्यात आपलं काय?"

आमचा जिल्हा अजून मध्य प्रदेशात होता तेव्हाची ही गोष्ट. दुपारी दुकान बंद केलं की मामा मागच्या खोलीत शिरून कडी लावत. आत काय चालतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यांचं वागणं संशय वाढवणारंच होतं. आमच्याकडे जेवायला आले की जाताना एरंडेलाची बाटली मागून नेत. बाळंतिणीच्या लाडवांसाठी आणलेला डिंक एकदा त्यांच्यामागोमाग नाहीसा झाला. नागपूरहून त्यांच्या नावे मुदत संपलेल्या फोटोच्या कागदांची खोकी येत. बोटं तर बारा महिने तपकिरी. गावात कुणी म्हणे नोटा छापतात, कुणी म्हणे नकाशे काढून बाहेर पाठवतात. मी तहसील कचेरीतला कारकून. मला माझ्या नोकरीची धास्ती. शेवटी न राहवून पोलिसांतल्या ओळखीच्या जमादाराला म्हणालो, "जरा पाहून या. माझं नाव मात्र नको."

जमादार दुसऱ्याच दिवशी मलाच सोबत घेऊन निघाला.

मामांनी मागच्या खोलीचं दार उघडलं. दोरीवर कागद वाळत होते. कुठे जांभळे डाग, कुठे एकात एक तपकिरी वर्तुळं, तर कुठे नुसत्याच काळ्या शिरा. जमादाराने एक कागद उतरवला. "हा कोन्या मुलखाचा नकाशा हाये?"

"नकाशा नाई," मामा म्हणाले. "एरंडेल हाये."

"मंग लपून काऊन करून राह्यले?"

"लोकं हासतात म्हणून."

मग त्यांनी जमादाराचा हात धरला, तळव्याला एरंडेल चोळलं, तो फोटोच्या कोऱ्या कागदावर दाबला आणि कागद फोटो धुण्याच्या औषधाच्या ट्रेमध्ये सोडला. हळूहळू सगळा कागद काळा पडला. तेल लागलं होतं तेवढीच जागा उजळ राहिली. जमादाराची पाच बोटं अंधारातून वर आल्यासारखी दिसू लागली. तो बराच वेळ बघत राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "हे घरी नेलं तं चालन का?"

मामांनी कागद धुऊन, वाळवून, गुंडाळून दिला. जमादार गेल्यावर मीही चपला शोधू लागलो.

"जावाईबापू, त्याले तुमीच सांगतलं ना?"

मी जमिनीकडे पाहत होकार दिला.

"बरं केलं," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत पाहाले म्हणून कोनी आलंच नोतं."

पुढे मी दर रविवारी जाऊ लागलो. मामा कागद पुढे धरून विचारत, "काय दिसते?" मी सुचेल ते सांगे: नदी, म्हशीचं तोंड, जळलेली पोळी. माझं प्रत्येक उत्तर खरं मानून ते कागद पुन्हा नव्याने बघत. मला त्यातलं काही कळत नाही हे त्यांनी ओळखलं होतं की नाही, कोण जाणे. त्यांनी दुकानातली एक खुर्ची माझ्यासाठी त्या खोलीत आणून ठेवली होती. पुढे माझी बदली झाली, तरी ती त्यांनी तिथून हलवली नाही.