भर बाजारात विचारलेलं

कशेळ्याच्या बाजारात, मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून तेजश्रीचं शिवणाचं दुकान आहे. ती मूळची कडावची. बारावीत असताना वडील गेले, तेव्हापासून ती ब्लाउज शिवते. हात चांगला बसलेला, आणि जीभही तशीच. "खांदा उतरतो गं तुजा, दोष ब्लाउजाचा नाय," असं ती गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगते. बायका तरीही तिच्याकडेच येतात.

याच जिभेमुळे तिच्यावर एक आळ आला होता, आणि तीन वर्षं तो सगळ्यांनी खरा मानला.

जितेश कडावचाच. टेंपो चालवायचा. चार वर्षं दोघांचं जमलेलं होतं आणि गावात सगळ्यांना माहीत होतं. मग एका उन्हाळ्यात त्याने तिचे फोन घेणं बंद केलं आणि दिवाळीनंतर नेरळकडची मुलगी करून आणली. लोकांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तिलाच मी नको होतो. नोकरीवाला पायजे होता तिला." ऐकणाऱ्यांना पटलं. तेजश्रीची आई सोनुबाई, तिलाही पटलं. "तूच कायतरी टोचून बोलली असशील," हे वाक्य त्या घरात पोळ्या लाटताना, धुणं वाळत घालताना, केव्हाही यायचं. तेजश्रीने दोनदा खरं सांगून पाहिलं. मग सोडून दिलं.

पुढे खालापूरच्या प्रवीणचं स्थळ आलं. कंपनीत कामाला, शांत, निर्व्यसनी. साखरपुडा झाला, लग्न वैशाखात ठरलं.

त्याच हिवाळ्यात मिस्बाह दुकानात आली. तिच्या वडिलांचं कर्जतला हार्डवेअरचं दुकान. ती पुण्यात सिनेमा शिकली होती आणि आता सहा मित्रमैत्रिणी गोळा करून, मागे कुणी निर्माता नसताना, स्वतःचा पहिला सिनेमा करत होती. नवरीचे तीन ब्लाउज शिवून हवे होते. सिनेमाची गोष्ट साधी होती: आठ दिवसांवर लग्न आलेली मुलगी आपल्या जुन्या माणसाला एकदा भेटते.

तेजश्री माप बघायला गेली तेव्हा भेटीच्याच प्रसंगाची तालीम चालली होती. नटी त्या मुलाच्या खांद्यावर डोकं टेकून रडत होती, "मला विसरू नकोस" म्हणत होती. तेजश्रीच्या तोंडात टाचण्या होत्या, तरी तिला हसू आवरलं नाही.

"काय झालं गं?" मिस्बाहने विचारलं.

तेजश्रीने टाचण्या काढल्या. "पत्रिका वाटून झाल्यात, मांडववाला सांगून झालाय, आणि ही रडायला जाते? मी असते तर विचारायला गेले असते."

"काय विचारायला?"

आणि तेजश्री बोलत सुटली. फोन, नेरळची मुलगी, तो आळ, आईचं वाक्य. सगळं. मिस्बाह लिहीत नव्हती, नुसती ऐकत होती. दुसऱ्या दिवशी तिने तो प्रसंग फाडून नव्याने लिहिला. आठवड्याने नटीला मालिकेत काम मिळालं आणि ती निघून गेली, तेव्हा मिस्बाह परत दुकानात आली.

"तूच कर," ती म्हणाली.

तेजश्रीने आधी प्रवीणला फोन केला. "कर की," तो म्हणाला, "हौस असते माणसाला."

हौस म्हणून कोणाचा आक्षेप नव्हता. गोष्ट काय आहे ते कळलं तेव्हा प्रवीणचे वडील आपल्या भावाला घेऊन थेट कडावला आले. चहाला हातही न लावता त्यांनी विचारलं, "लोक म्हणतात ही गोष्ट तुझीच आहे. खरं का?"

सोनुबाईने मुलीकडे डोळे वटारले. नाही म्हण, एवढाच त्याचा अर्थ.

"होय मामा, माजीच हाय," तेजश्री म्हणाली. "त्यातली भेट तेवढी खोटी हाय. ती पण आता खरी करते."

माणसं उठून गेली. सोनुबाई कपाळाला हात लावून बसली. तेजश्रीचं मन मात्र गेल्या तीन वर्षांत झालं नव्हतं इतकं हलकं होतं. कॅमेऱ्यासमोर आपण जे विचारणार ते प्रत्यक्षात विचारायची हिंमत नसेल, तर ती नटी रडत होती तेच बरं होतं, असं तिला वाटलं. तिने जितेशला फोन लावला, या वेळी त्याने उचलला. मग प्रवीणलाही.

"जितेशला भेटणार हाय. उद्या अकरा वाजता, स्टँडसमोरच्या हॉटेलात. लपून नाय. तुला यायचं तर ये."

"एवढं गरजेचं आहे का?" प्रवीणने विचारलं.

"हाय."

तो आला नाही. जितेश आला. बाजाराचा दिवस होता, जीपवाले ओरडत होते, पाड्यांवरून उतरलेल्या बाया भाजीच्या पाट्या घेऊन रस्त्याला बसल्या होत्या. "आत बसू," तो म्हणाला. तेजश्री बाहेरच्याच बाकड्यावर बसली.

"कसं चाललंय, तेजू?"

"तेजश्री म्हणायचं. मी तुला सोडलं का रं?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. "जाऊ दे ना. झालं ते झालं. तुजं पण लग्न हाय आता."

"ते माजं मी बघेन. मी सोडलं का तुला?"

शेजारच्या बाकड्यावरचं बोलणं थांबलं होतं. जितेश खाली बघत म्हणाला, "नाय."

"मग?"

"घरच्यांनी ठरवलं. मला नाय म्हणता आलं नाय. तुला सांगायला तोंड नव्हतं. मग लोक विचारायला लागले, कायतरी सांगावं लागलं. चुकलं माजं."

"मला नको सांगू. मला माहीत हाय. माज्या आईला सांग. आजच."

तो येईल असं तिला वाटलं नव्हतं. पण दुपारी टेंपो अंगणाबाहेर थांबला. सोनुबाई तांदूळ पाखडत होती. तो उभ्यानेच म्हणाला, "मावशे, तेजश्रीने नाय सोडलं. मी सोडलं. मी खोटं बोललो." सोनुबाईच्या हातातलं सूप थांबलं. तो गेल्यावर ती म्हणाली, "तीन वर्षं बोल लावला गं मी तुला."

"लावलास खरा," तेजश्री म्हणाली. तिने आईला लगेच जवळ घेतलं नाही. तेवढा राग तिचा हक्काचा होता आणि तो तिने संध्याकाळपर्यंत पुरवला.

चौथ्या दिवशी प्रवीणचा निरोप आला: पप्पा म्हणतात सिनेमा सोड, नाहीतर लग्न नाही, त्यांचं ऐकावं लागेल, पुढचं पुढे बघू. तेजश्रीने साखरपुड्याची साडी आणि अंगठी पिशवीत घातली. ती निघाली तेव्हा सोनुबाई चप्पल घालून आधीच दारात उभी होती.

खालापूरला प्रवीणचे वडील म्हणाले, "मुलीला जरा सांभाळायचं होतं."

"सांबाळलीच हाय," सोनुबाई म्हणाली. "म्हणून तर परत न्यायला सोबत आले."

प्रवीण दाराशी उभा होता. तेजश्रीने पिशवी त्याच्याच हातात दिली. "जितेश फोन उचलत नव्हता, म्हणून मला कळायला तीन वर्षं गेली. तू समोर उभा राहून गप्प हायस. चार दिवसांत कळलं."

पुढचे पंधरा दिवस तिने काम केलं. दुकान दुपारपर्यंत, मग शूटिंग. सिनेमा फार मोठा झाला नाही. दोन-तीन महोत्सवांत गेला, एका ठिकाणी बक्षीस मिळालं. पण मिस्बाहने तो कडावच्या लग्नाच्या हॉलमध्ये पांढरा पडदा लावून दाखवला, तेव्हा बायकांनी हॉल भरला. मागून कोणीतरी म्हणालं, "लाज सोडली पोरीने." सोनुबाई पहिल्या रांगेतून उठली, वळून उभी राहिली आणि बोलणारा गप्प होईपर्यंत बसली नाही.

तेजश्रीला लग्न करायचं नाही असं मुळीच नाही. स्थळं येतात. आता ती पोह्यांच्या आधी सिनेमा दाखवते. दोघे अर्ध्यातून उठून गेले. पावसाळ्यानंतर आलेला, दूध डेअरीत काम करणारा एक माणूस शेवटपर्यंत बसला. मग त्याने विचारलं, "त्या जितेशला दोन शिव्या का नाय घातल्यास?"

"घातल्या होत्या," तेजश्री म्हणाली. "मिस्बाहने कापल्या."

तो मनापासून हसला. अजून काहीच ठरलेलं नाही. त्याला उत्तर कधी द्यायचं, हे तिने स्वतःकडे ठेवलं आहे.