कोरडं बोट

महिन्यापूर्वी सकाळी काकीचा फोन आला. "तुजा काका गेला गं… चाय मागितली नि मी आणीपर्यंत गेला."

आमचा माधवकाका शिरगावचा. बोईसरच्या कारखान्यात व्हॉल्व्ह दुरुस्त करून निवृत्त झालेला फिटर. काम संपलं की बाकीचे हात धुवायला पळायचे आणि हा पाइपाच्या जोडावरून सावकाश बोट फिरवत बसायचा. मग ते बोट वर करून दाखवायचा, "बग, कोरडं हाय!" त्याशिवाय डबा उघडायचा नाही. घरच्या नळालाही तोच नियम. आम्ही हसायचो.

तीन वर्षांपूर्वी, ऐंशी ओलांडल्यावर, वाडीतल्या विहिरीपर्यंत जाताना तो दोनदा बसायला लागला. विचारलं तर म्हणे, "हवा खातोय." अखेर त्याला दवाखान्यात ओढून नेलं. हृदयाची झडप कडक झाली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छाती उघडायची नाही. मांडीच्या रक्तवाहिनीतून नवी झडप नेऊन जुनीच्या आतच उघडायची. काका ताडकन उठला. "जुनी न काढता नवी? आमच्यात असा काम करनाऱ्याला घरी बसवायचे!" आणि चालता झाला. झडप बदलली नाही तर फार दिवस नाहीत, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. काकी बाकावर बसून रडली. मी तर त्याच्याशी भांडलेच.

कसाबसा पुन्हा नेला. या वेळी बाईंनी नमुन्याची झडप त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने सवयीने कडेवरून बोट फिरवलं. "कडेनं गळत नाय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बाई हसल्या नाहीत. "पूर्वी गळायचं. कडेने थोडं रक्त मागे यायचं. म्हणून आता बाहेरून ही झालर लावतात."

"म्हंजे पॅकिंग लावलाय!" काकाचा चेहरा उजळला. "मंग बसवा."

त्याच्या बोटाची सवय मी बाईंना सांगून ठेवली होती. झडप बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी तपासणी करून त्या त्याच्या खाटेपाशी आल्या आणि स्वतःचं बोट वर केलं. काका इतका हसला… त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. पुढची तीन वर्षं तो विहिरीपर्यंत न थांबता जायचा.

परवा शिरगावला गेले तेव्हा वाडीतल्या पंपाचा जोड बदलून घेतला. माणूस काम करून निघून गेला. माझा हात आपसूक जोडाकडे गेला. ओटीवरून काकीने विचारलं, "कोरडं हाय ना गं?"

मी नुसतं बोट वर केलं.